फ्लॉपीचे सोंग घेणारी डबी

१९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातील काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. तुमच्या वर्धा जिल्ह्यातील एखाद्या अडगळीत तसा संगणक आणि सव्वापाच इंची फ्लॉप्या सापडल्या, तर?

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती. वर्ध्याचा कडक उन्हाळा आणि पावसाळ्यातील दमट हवा तिला मानवत नाही. बुरशी धरते, लेप सुटतो आणि मजकूर कायमचा जातो.

यावर एक युक्ती आहे. संगणक चकती पाहत नाही. 'पुढच्या वर्तुळावर जा' असा हुकूम तो तारेतून देतो आणि विजेचे स्पंद परत घेतो. पेन ड्राइव्हमधून तसेच स्पंद देणारी डबी जोडली, की त्याला फरकच कळत नाही!

या संगणकाच्या साध्या फ्लॉपीत ४० वर्तुळे, प्रत्येकात १० खंड, खंडात २५६ बाइट. एकूण १,०२,४०० बाइट. १६ अब्ज बाइटच्या पेन ड्राइव्हवर अशा दीड लाखांहून अधिक फ्लॉप्या मावतात. भागाकार करून पाहा!

मात्र आधी जुन्या फ्लॉपीची नक्कल घ्यायला हवी. बुरशी दिसली तर ती फिरवू नका, शिक्षकांना दाखवा. डबी नंतरही मिळेल. गेलेला मजकूर मिळणार नाही.