नाचाचा भार तळपायावर

बॉलरूम नाच म्हटला की डोळ्यांसमोर गिरक्या येतात, झगे येतात. पायांकडे कोणाचे लक्ष जात नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात बँडवर वॉल्ट्झ सुरू झाला की साठी उलटलेली जोडपीही नाचायला उतरतात. त्यांची पावले एकदा नीट पाहा. पाय आपटल्याचा आवाज येत नाही. आता लहान गावांतही या नाचाचे वर्ग निघू लागले आहेत, आणि टाच किंवा गुडघा धरून दवाखान्यात येणारे त्यांतले काहीजण "डॉक्टर, वय झालं" म्हणतात. माझ्या मते दोष वयाचा कमी, पाऊल टाकण्याच्या पद्धतीचा जास्त.

एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. शिवाय तळपायाची कमान. ही रचना धक्का पचवण्यासाठीच आहे. पण पाऊल सपाट आपटले की तिला काम करायला वेळच मिळत नाही आणि धक्का थेट नडगी, गुडघा, कंबर असा वर चढतो. वॉल्ट्झमध्ये पुढे जाताना बहुतेक वेळा आधी टाच टेकते, मग भार चवड्यावर येतो. मागे जाताना उलट : आधी बोटे, मग चवडा, आणि टाच सावकाश शेवटी. गुडघा किंचित सैल हवा. ताठ गुडघ्याने नाचणारा लवकर थकतो.

नवशिक्याची आणखी एक खोड असते. तो पुढचा पाय लांब फेकतो आणि अंग मागून ओढत नेतो. खरे काम मागच्या, भार घेतलेल्या पायाचे आहे. नावाडी बांबू तळाला टेकवून होडी पुढे रेटतो, तसे त्या पायाने जमिनीला रेटायचे. आपण जमिनीला जेवढे रेटतो तेवढेच ती आपल्याला उलट रेटते, हा न्यूटनचा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे; इथे तो पोटरीने शिकायचा. एका पायावर भार पुरता आल्याशिवाय दुसरा उचलू नये. दोन्हींवर अर्धा-अर्धा भार राहिला तर तोल जातो आणि जोडीदाराच्या पायावर पाय पडतो तो वेगळाच!

आता जमिनीविषयी. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल गावातील टॉवर बॉलरूमची जमीन महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या 30 हजारांहून अधिक लाकडी ठोकळ्यांची आहे. नाचासाठी मुद्दाम बांधलेल्या दालनांत लाकडी जमीन बहुधा खालून थोडी लवचीक बसवतात, म्हणजे धक्क्याचा काही भाग ती पचवते. आपल्या मंगल कार्यालयात सिमेंटवर फरशी किंवा ग्रॅनाइट असते. ती काही पचवत नाही, सगळे पायालाच सोसावे लागते. म्हणून अशा ठिकाणी सराव थोडा वेळ करावा आणि मध्ये बसावे. पाय सरकावा म्हणून फरशीवर पावडर टाकण्याची हौस तर अजिबात नको. घसरून मनगट मोडायला एक क्षण पुरतो.

बुटांचेही तसेच. रबरी तळव्याचे खेळाचे बूट जमीन घट्ट धरतात. गिरकी घेताना पाऊल जागीच अडकते, अंग मात्र फिरते, आणि पीळ गुडघ्याला बसतो. त्यात गुडघ्यातली गादी फाटू शकते. मऊ चामड्याचा तळवा बरा. गिरकी चवड्यावर घ्यावी, सबंध पाऊल टेकवून नव्हे.

घरी स्वयंपाकघरातील ओट्याला हात धरून टाचा उचलाव्यात. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, दहा-बारा वेळा. मग आधाराजवळ उभे राहून एका पायावर वीस अंक मोजावेत. जमिनीवर टाकलेला पंचा बोटांनी गोळा करावा. मुले हसतील, हसू द्यावे.

सकाळी पलंगावरून उतरताच पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर काही दिवस नाच थांबवावा. नडगीवर किंवा पावलावर बोटभर जागीच दाबून दुखत असेल आणि नाचल्याने वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मलम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही मंडळींनी अनवाणी नाचू नये. अनेकांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते, फोड आलेला कळतही नाही. घरी आल्यावर दिव्याखाली तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा.