पान्हा, वासरू आणि इंजेक्शन

गुरांची वाढ झपाट्याने व्हावी म्हणून अमेरिकेत त्यांच्या कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली संप्रेरकांच्या बारीक गोळ्या बसवतात. इस्ट्रॅडिओल, ट्रेनबोलोन यांसारखी द्रव्ये त्यांतून हळूहळू रक्तात उतरतात आणि तेवढ्याच खाद्यावर अंगावर मांस अधिक चढते. युरोपने १९८९ पासून असे मांस घेणे बंद केले. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. त्यामुळे गोवंशाच्या बाबतीत संप्रेरकांचा प्रश्न इथे मांसाशी नव्हे, दुधाच्या धारेशी येतो. हे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे कृषी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला पान्ह्याची क्रिया पुस्तकात भेटते; दुभते जनावर असलेल्या घरात ती रोज पहाटे दिसते. वासराने कासेला ढुशी दिली की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, कासेतल्या सूक्ष्म पेशी आवळल्या जातात आणि मिनिटा-दोन मिनिटांत सड भरतात. भीती, मारहाण किंवा अनोळखी हात असला की तेच जनावर पान्हा चोरते. ऑक्सिटोसिनची सुई हा नकार मोडून काढते.

दूध पिणाऱ्याला यातून अपाय होतो का, यावरच बहुतेक चर्चा अडते. खरे तर हे संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते आणि पोटात गेलेले पचून जाते. नैतिक प्रश्न जनावराचा आहे. रोज टोचत राहिल्यास त्याची आपणहून पान्हवण्याची क्षमता मंदावते आणि सुईशिवाय धार निघेनाशी होते. त्याहून गंभीर गोष्ट वासराची. पान्ह्यासाठी त्याची गरज होती, म्हणून रेडकाच्याही वाट्याला निदान दोन घोट येत. सुई आली की मालकाच्या हिशेबात रेडकू निव्वळ खर्च ठरते, आणि उपाशी रेडकू फार दिवस जगत नाही.

ही क्रूरता जुनी आहे. पूर्वी योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरवत. त्याला ‘फुका’ म्हणत. गायी-म्हशींच्या अशा छळाची वर्णने वाचून गांधीजींचा दूध सोडण्याचा विचार पक्का झाला आणि १९१२ मध्ये त्यांनी ते सोडले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ फुक्याबरोबरच, दूध वाढवण्यासाठी दिलेले आणि जनावराच्या प्रकृतीला घातक ठरणारे इंजेक्शनही गुन्हा मानते. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय जनावर सरकारजमा. दंडाची ही रक्कम आज हास्यास्पद आहे.

औषध मात्र टाकाऊ नाही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला ते लागते. म्हणूनच खाजगी उत्पादनावर केंद्राने २०१८ मध्ये घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पशुवैद्यही ते उपचारासाठी देतात. रोजच्या धारेला मात्र ठरलेली वेळ, ओळखीचा हात, कोमट पाण्याने धुतलेली कास, पुढ्यात आंबोण आणि जवळ वासरू एवढे बहुतेक जनावरांना पुरते.