देणगीदार म्हणजे फक्त पैसे देणारा का? पंडिता रमाबाईंची संस्था काय सांगते?

मोबाईलवर एखाद्या संस्थेचं आवाहन दिसतं. तुम्ही 500 रुपये पाठवता. पावती येते, आभाराचा मेसेज येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आवाहन. मधल्या काळात त्या पैशांचं काय झालं, हे कळतच नाही. असं दोन-तीनदा झालं की देणारा हात आखडतो.

अनेक ख्रिस्ती सेवासंस्था देणगीदारांना 'कार्यातील सहभागी' किंवा 'भागीदार' म्हणतात. हा शब्द नुसता गोड बोलण्यासाठी आहे की त्याला काही अर्थ आहे?

भागीदारीची कल्पना आली कुठून?

बायबलच्या नव्या करारात पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला तुरुंगातून लिहिलेलं एक पत्र आहे. या मंडळीने त्याला वेळोवेळी मदत पाठवली होती. पौल तिचे आभार मानतो, पण मदतीपेक्षा देणाऱ्यांच्या पदरी पडणारं फळ आपल्याला महत्त्वाचं वाटतं, असंही सांगतो. तिथे तो 'कोइनोनिया' हा ग्रीक शब्द वापरतो. त्याचा अर्थ सहभाग, भागीदारी. म्हणजे पैसे पाठवणारा बाहेरून मदत करत नाही, तो त्याच कामात सामील असतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते पंडिता रमाबाईंच्या कामात दिसतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून गावोगावी व्याख्यानं दिली. 1887 मध्ये त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक आलं. उच्चवर्णीय हिंदू समाजातल्या स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची स्थिती त्यात होती.

त्याच वर्षी बॉस्टनमध्ये 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक तिच्यात होते. अनेक शहरांत 'रमाबाई सर्कल' नावाचे गट तयार झाले. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं वचन सभासदांनी दिलं. या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात गेलं.

एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा हे वेगळं होतं. पुढची दहा वर्षं पैसे येतील याची खात्री असल्याने रमाबाईंना पुढचा विचार करता आला. पत्रं आणि वार्षिक अहवालांतून इथली हकिगत तिथे पोहोचत राहिली. आणि जसं त्यांनी अमेरिकेला भारत समजावून सांगितला, तसंच 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहून मदत करणाऱ्यांचा देश मराठी वाचकांसमोर ठेवला.

कसोटीचा काळ

शारदा सदनात कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती करायची नाही, हे देणाऱ्यांसोबत सुरुवातीलाच ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं असे. ज्यांना वाटे त्या मुली येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने टीका केली. 1893 मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

टीकाकारांचा प्रश्न गैर नव्हता: शब्द पाळला जातोय का? रमाबाईंची बाजू अशी की सक्ती कुणावर नाही, पण स्वतःची श्रद्धा त्या लपवणार नाहीत. अमेरिकेतल्या संघटनेने मदत थांबवली नाही. 1898 मध्ये दहा वर्षांची मुदत संपत आल्यावर रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, झालेलं काम समोर ठेवलं आणि संघटना नव्याने उभी राहिली. दरम्यान दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगावला 'मुक्ती'चं काम सुरू झालं होतं. ते उघडपणे ख्रिस्ती होतं.

यातून आज काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, पैसे कशासाठी हे आधीच स्पष्ट हवं. हेतू बदलला तर देणाऱ्याला ते सांगायला हवं.

दुसरी, बातमी फक्त चांगलीच कळवायची असं नाही. काम फसलं, मुलं शाळा सोडून गेली, खर्च वाढला, हेही भागीदाराला कळायला हवं. पुढच्या आवाहनाआधी मागच्या पैशांची हकिगत पोहोचली, तर देणारा टिकतो.

तिसरी, छोटी रक्कमही मोजली जावी. दरमहा 100 रुपये देणारी निवृत्त शिक्षिका आणि एकदाच लाख रुपये देणारा व्यावसायिक, दोघांच्याही प्रश्नाला उत्तर मिळायला हवं.

चौथी, भागीदार म्हणजे मालक नव्हे. देणगीदाराने हिशेब विचारावा. पण पैसे दिले म्हणून लाभार्थी मुलांचे फोटो मागणं किंवा मदतीच्या बदल्यात कुणी प्रार्थनेला बसावं अशी अपेक्षा ठेवणं, हे चूक आहे.

कायद्याची चौकटही आहे. परदेशातून देणगी घेण्यासाठी परकीय योगदान नियमन कायद्याखाली परवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतला जास्तीत जास्त 20 टक्के भाग प्रशासकीय खर्चासाठी वापरता येतो. पण कायदा फक्त हिशेब मागतो, विश्वास संस्थेलाच कमवावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी देणगी देताना एक प्रश्न जरूर विचारा: मागच्या वर्षी काय जमलं नाही? याचं सरळ उत्तर देणारी संस्था तुम्हाला खरंच भागीदार मानते.