चोवीस तासांची शर्यत आणि पहाटेची डुलकी

मुसळगाव वसाहतीतून माल नेणारे चालक माझ्याकडे पाठदुखी, आम्लपित्त घेऊन येतात. झोपेचे विचारले की म्हणतात, "डॉक्टर, सवय झालीय." झोपेची गरज मात्र सवयीने कमी होत नाही.

फ्रान्समधील ल मान्सला १९२३ पासून २४ तासांची मोटार शर्यत भरते. जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेच्या २०२५ च्या हंगामात कतार ते बहारीन अशा ८ शर्यती झाल्या, बहुतेक ६ तासांच्या. ल मान्सचीच सर्वांत कठीण: साडेतेरा किलोमीटरचा फेरा, त्यात एरवी वाहतुकीचे रस्ते आणि रात्रीचा अंधार. १९५२ साली पिएर लवेगने जोडीदाराला गाडी न देता २२ तासांहून अधिक काळ एकट्याने चालवली. तो आघाडीवर असतानाच इंजिन मोडले. थकव्याने गिअर चुकला, असे बरेच जण मानतात. आता एका गाडीला सहसा तीन चालक असतात. कोणालाही ६ तासांत ४ तासांहून अधिक आणि एकूण १४ तासांहून जास्त चालवता येत नाही.

आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानेही ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ती किती मालकांनी दिली, हे चालकांनाच विचारा!

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराचे तापमान उतरते, मेंदू मंदावतो. ताशी ८० च्या वेगात ४ सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे ९० मीटर आपोआप जाते. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर हा धोका मोहदरी घाटापेक्षाही कमी जाणवतो, म्हणूनच अधिक फसवा. काच उघडून, गाणी लावून झोप जात नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे गाव कधी गेले ते आठवेना, की गाडी ढाब्यावर लावावी. चहा घेऊन लगेच १५-२० मिनिटे झोपावे. चहाचा अंमल जागे होताना सुरू होतो. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसाही पेंगणाऱ्या चालकांनी एकदा तपासून घ्यावे.