उजनी उतरली की रोहित येतो

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण 100 किलोमीटरवर भिगवण लागतं. उसाच्या ट्रॉल्या, एसटी आणि मासळीच्या खानावळी यांनी गजबजलेलं इंदापूर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. हिवाळा सरता सरता मात्र इथे भल्या पहाटे दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेली मंडळी येऊन थडकतात. त्यांची धाव असते जवळच्या कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाकडे, उजनीच्या फुगवट्यात उतरलेले रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहायला.

ही पाणथळ धरणाने घडवली आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात आणि फुगवटा थेट पुणे जिल्ह्यात. काठची गावं उठली, सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं जुनं मंदिरही बुडालं. पाणी खूप खाली गेलं की ते उघडं पडतं आणि पाहणाऱ्यांची रीघ लागते.

धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा; टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या साठ्याची. म्हणून उजनीची टक्केवारी शून्यावर थांबत नाही, ‘उणे’मध्ये उतरते. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारा हा आकडा रोहिताला मात्र मानवतो. हा पक्षी पोहत पोहत मासे पकडत नाही. त्याला हवा उथळ पाण्याखालचा चिखल. पायांनी गाळ ढवळायचा, बाकदार चोच उलटी करून पाण्यात घालायची, जिभेने पाणी आतबाहेर ढकलायचं आणि चोचीच्या कडांना असलेल्या झालरीत शेवाळ, अळ्या, बारीक जीव अडकवायचे, असं त्याचं जेवण चालतं. पंखांचा गुलाबी रंगही या आहारातूनच येतो. पण पाणी फारच आटलं की चिखल वाळतो आणि थवे मुक्काम हलवतात.

रोहित हा इथला बडा पाहुणा, पण एकटा नव्हे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठच्या शेतांत चरतात. भादलवाडीच्या तलावात चित्रबलाकांची वीण होते, तीही पाण्याच्याच भरवशावर.

उजनीच्याच पाण्यावर भिगवणचा मासळी बाजार चालतो. लिलावात चिलापीचे ढीग पडतात. वाम, मरळ आली तर दर चढतो. चिलापी मूळची आफ्रिकेतली. तिने इथे चांगलंच बस्तान बसवलं आहे. शिवाय पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून थेट इथे येतं. धरणाचा हिशेब कालव्यांच्या आवर्तनांनी होतो; पाण्याच्या गुणवत्तेची झळ आधी जाळं टाकणाऱ्यांना बसते. त्यांच्यातल्याच काहींनी आता होड्यांतून पर्यटक फिरवायला सुरुवात केली आहे. कुठे पाणी गुडघाभर, कुठे बुडालेल्या झाडाचं खोड, हे त्यांना तोंडपाठ असतं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा इथे जायचा काळ. पुण्याहून रेल्वेनेही भिगवणला उतरता येतं. पहाटेची होडी ठरवावी आणि थव्यात शिरण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नये. पक्षी उडवून मिळालेल्या छायाचित्रासाठी त्यांचं चरणं मोडतं. निघण्याआधी मात्र हवामानापेक्षा वर्तमानपत्रातली उजनीची टक्केवारी पाहावी. पक्षी दिसणार की नाही, हे तीच सांगते.