हजेरीपटातील सुगावे

रहस्यकथाकार शाळेच्या आठवणींकडे वळतो तेव्हा त्याला त्यांतला हळवेपणा नको असतो. त्याला हवी असते ती माणसांची एक बंदिस्त आणि आतून ओळखीची वस्ती. गुन्हेकथेच्या शास्त्रात ज्याला ‘बंद वर्तुळ’ म्हणतात, म्हणजे संशयित मोजके असतात, ते एकमेकांना ओळखून असतात आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच एक असतो अशी रचना, ती शाळेत आयती सापडते. तिथे वेळापत्रक असते, त्यामुळे कोण कुठल्या तासाला कुठे होते हे तपासता येते; टोपणनावे असतात, त्यांतून जुने अपमान जिवंत राहतात; आणि खोटे बोलणे, चुगली करणे, दुसऱ्याची शिक्षा स्वतःवर घेणे या गोष्टींशी माणसाची पहिली गाठ बहुधा वर्गातच पडते.

इंग्रजी रहस्यकथेने हे फार लवकर ओळखले. शाळेत शिकवणाऱ्या सेसिल डे-लुईस या कवीने घराच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून ‘निकोलस ब्लेक’ या टोपणनावाने १९३५ मध्ये पहिली रहस्यकथा लिहिली आणि तिचे घटनास्थळ म्हणून मुलांची शाळाच निवडली. त्याच वर्षी डोरोथी सेयर्स यांची ‘गॉडी नाइट’ प्रसिद्ध झाली, जिच्यातले स्त्रियांचे महाविद्यालय त्यांनी स्वतः शिकलेल्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजवरून उभे केले होते. या कादंबरीत खून होत नाही. निनावी पत्रांचा छळ चालतो, आणि त्याचे मूळ एका संशोधकाने दडवून ठेवलेल्या पुराव्यापर्यंत जाऊन पोहोचते. विद्येच्या जागी घडणारा सर्वांत गंभीर गुन्हा हा नोंदीशी केलेला गुन्हा असतो, हे सेयर्स यांना नेमके कळले होते.

मराठीत या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे आहे, जरी ते शाळेचे नसून कॉलेजचे असले तरी. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांच्या रहस्यकथांचे नायक वाचनालयांतून हातोहात फिरत. पण १९८२ ची ‘दुनियादारी’ पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या कट्ट्यावरून आली आणि लेखकाचे नाव प्रामुख्याने तिच्याशीच जोडले गेले. या कादंबरीला केवळ कॉलेजजीवनाचे चित्रण म्हणणे अपुरे आहे, कारण तिची बांधणी रहस्यकथा लिहून तयार झालेल्या हाताची आहे: नायकाच्या आईचा भूतकाळ वाचकाला एकदम सांगितला जात नाही, माहिती नेमक्या जागी रोखली जाते, संवाद तोडून प्रकरण संपवले जाते. रहस्यकथेने शिरवळकरांना तंत्र दिले आणि आठवणीने त्या तंत्राला माणसे दिली. बाबूराव अर्नाळकरांपासून चालत आलेल्या मराठी रहस्यकथेची ओढ मात्र मुख्यतः शहराकडेच, त्यातही मुंबईकडे, राहिली, आणि तालुक्याच्या गावातली शाळा तिच्या नकाशावर फारशी आलीच नाही.

ही उणीव किती मोठी आहे हे औशाकडे पाहिले की कळते. लातूर जिल्ह्यातल्या या गावात रहस्यकथा घडवायची म्हटले की कोणाचेही लक्ष आधी भुईकोट किल्ल्याकडे, त्याच्या खंदकाकडे आणि बुरुजांकडे जाईल. तो मोह समजण्यासारखा असला तरी खरा ऐवज शाळेच्या कपाटात आहे. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण ज्यात लिहिले जाते ते ‘जनरल रजिस्टर’ हा गावाच्या ओळखीचा एक मोठा दस्तऐवज असतो. आई-बापाला मुलाची जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख घालून मोकळे होत, म्हणून अशा असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस एकच असतो आणि नोकरी, निवृत्ती, पेन्शन हे सारे पुढे त्याच तारखेवर चालते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा अशा कागदांतली एक ओळ कुटुंबाचे भवितव्य बदलू शकते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या पानावर एका अक्षराच्या खाडाखोडीला इतके मोल आहे, त्या पानाभोवती गुन्हेकथा रचायला खंजीर किंवा विष लागत नाही.

याच तालुक्यातले किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपत असताना, भूकंपाने जमीनदोस्त झाले. घरांबरोबर शाळा पडल्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. हजेरी घेताना कोणत्या नावाला ‘हजर’ म्हणणारे कोणी उरले नाही हे वर्गाला आधीच ठाऊक होते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, म्हणजे एकाच पिढीच्या शाळेच्या आठवणी दोन ठिकाणी विभागल्या गेल्या. या दुःखाचा वापर थरारासाठी करणे सर्वथा अनुचित ठरेल. परंतु कोण जिवंत होते, कोण कोणाच्या नावावर राहिले, नव्या वसाहतीत जुने वैर कसे टिकले, असे प्रश्न विचारणारी गंभीर गुन्हेकथा हा त्या काळाशी प्रामाणिक राहण्याचा एक मार्ग होऊ शकतो. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने पुढे या जिल्ह्यातल्या मुलांना गुणांच्या शर्यतीत उतरवले, त्या शर्यतीतल्या ताणाचीही कथा अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

त्या शेडमध्ये बसून शिकलेली मुले आज चाळिशीत आणि पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या नावांपुढे स्वतःच्या अक्षरात १ जून लिहिणारे गुरुजी त्यांच्याहून बरेच वयस्क आहेत. औसा तालुक्यातल्या ज्या कोणाच्या मनात कादंबरी आहे, त्याने आधी आपल्या शाळेत जाऊन परवानगी घेऊन ते रजिस्टर पाहावे आणि निवृत्त गुरुजींकडे बसून त्यातल्या नोंदी विचारून घ्याव्यात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.