धवले, लॅपटॉप आणि एक वायर

"मामी, तुझी गाणी काढून घे बाई! लॅपटॉप भरलाय. आज रात्री सगळं उडवणार मी."

भाचा सहज बोलून गेला, पण माझ्या पोटात गोळाच आला. 'माझी गाणी' म्हणजे धवले. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. तिथे आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. पूर्वी तर तिच्यावाचून पान हलत नसे. बी.ए.ला महदंबेचे धवळे शिकले होते. तेही लग्नाचेच, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या, तेराव्या शतकातले. पण धवले आपल्या अंगणातही ऐकू येतात, हे वर्गात कुणी बोललं नाही, मलाही सुचलं नाही!

गेली दोन वर्षं बचतगटाच्या कामाला जाते तिथे म्हाताऱ्या धवलारणींना बोलतं करते आणि मोबाइलवर चित्रण करते. दहा तास झाले असतील. मोबाइलमध्ये मावेना म्हणून ते भाच्याच्या गेमिंग लॅपटॉपवर टाकत गेले. एकदा घाईत कॉपी सुरू असतानाच पेनड्राइव्ह उपटला होता आणि एका आजींची फाईल कायमची बिघडली. म्हटलं, पुन्हा जाऊन घेऊ. आषाढात आजी गेल्या.

तेव्हा आता काळजाचा ठोका चुकणारच ना! घरातली हार्ड डिस्क काढली, वायर जोडली, कॉपी सुरू केली. एकूण दोनशे जीबी. पडद्यावर आलं, एक तास पन्नास मिनिटं. भाच्याची निडी स्टेशनवरची गाडी सव्वा तासात. पनवेलमार्गे पुण्याला जायचं होतं त्याला.

"एवढा महागाचा लॅपटॉप आणि ही बैलगाडी?" मी वैतागले. कळफलकाखाली लाल-निळे दिवे नाचताहेत आणि कॉपी सेकंदाला जेमतेम तीस एमबी! भाचा म्हणाला, "मामी, ग्राफिक्स कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही गं." खरंच आहे. गाडीचं इंजिन कितीही दमदार असो, वडखळ नाक्यावर अडकली की अडकली.

मग मी स्वयंपाकघरातला नियम लावला. इडली फसली की आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, नाहीतर दोष पिठाचा की तांदळाचा, कळत नाही. आधी कॉपी रीतसर थांबवली. माउस आणि हार्ड डिस्क एकाच हबला लावले होते. हब काढून हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला लावली. फरक नाही. मग दुसरी खाच. आत निळी जीभ असलेली किंवा बाजूला 'एसएस' लिहिलेली खाच वेगवान असते. (सगळ्या कंपन्या निळा रंग वापरत नाहीत, म्हणून अक्षरं बघावीत.) तरी तीसच.

या तीसमध्येच मेख होती. भाच्याने हिशेब सांगितला. 2000 साली आलेल्या यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे कागदावर साठ मेगाबाइट. प्रत्यक्षात मिळतात तीस-चाळीस. 2008 च्या यूएसबी 3.0 चा वेग कागदावर याच्या दहापट. आमची डिस्क नवी, खाच नवी, तरी वेग जुना. उरली ती वायर!

डिस्कला जोडलेलं टोक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिची खाच रुंद, दोन कप्प्यांची. डिस्कबरोबर आलेली वायर कधीच हरवली होती. मी जाऊबाईंच्या जुन्या मोबाइलच्या चार्जरची वायर लावली होती. ती त्या रुंद खाचेच्या अर्ध्या भागात चपखल बसते, डिस्कही चालू होते, म्हणून शंकाच येत नाही. फक्त सगळं जुन्या, अरुंद वाटेने चालतं.

रविवारी दुपारी रुंद तोंडाची वायर कुठून आणायची? गावात लग्नाचे फोटो काढणारा मुलगा आहे, त्याला फोन केला. दहा मिनिटांत स्कूटरवर हजर. "काकू, माझ्याकडे अशा चार पडल्यात." गंमत म्हणजे, यातल्या दोन लग्नांत तोच फोटो काढत होता आणि गाणाऱ्या आजी मध्ये येतात म्हणून कुरकुरत होता!

नवी वायर लावली. आकडा थेट एकशे दहावर. अर्ध्या तासाचं काम. बचतगटाचे हजारो बारीक फोटो मात्र नंतर रांगतच गेले. प्रत्येक फाईलची नोंद वेगळी होते, त्यामुळे बारक्या फायलींना वेळ लागतोच. एकच झिप फाईल केली असती तर बरं झालं असतं.

या वेळी मी काहीही उपटलं नाही. 'सेफली रिमूव्ह' आधी, हात नंतर. डिस्क पुन्हा जोडून तीन-चार फायली उघडल्या. एका आजींचा आवाज घरभर घुमला, तोवर भाचा बूट घालून दारात उभा होता. "आता उडवू?" "थांब, शेवटची एक बघू दे." गाडी कशीबशी मिळाली त्याला.

फोटोवाल्याने वायरचे पैसे घेतले नाहीत. ती रबराने डिस्कला बांधून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आहे. दुसरी प्रत करायची म्हणून आणखी एक डिस्क मागवली आहे. संध्याकाळी जाऊबाई विचारत होत्या, "माझी चार्जरची वायर कुठाय गं?"